कणकेतून निघालेला कॅन्सर

हुपरीजवळच्या एका मळ्यातल्या मांडवात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. पिराजीबाबा बायकांच्या छातीतल्या गाठी उपटून काढत. पदरावरून कणकेचा गोळा फिरवायचा, मंत्र पुटपुटायचा, गोळा फोडायचा. आत पांढरी, ओली मुळं!

"बघा क्यान्सरची पाळंमुळं!" बाबा गरजत. "डाक्टरला भीत न्हाईत, मला भित्यात!"

माझी मावशी धोंडुबाई तीस वर्षं मंडईत भाजी विकते. तिच्या छातीत गाठ होती. आठ गुरुवार मुळं निघाली, गाठ मात्र वाढतच गेली. नवव्या गुरुवारी मी आणि तिची सून स्नेहल बरोबर गेलो. स्नेहल शाळेत विज्ञान शिकवते.

गोळा फुटला. मावशीनं मुळं नाकाशी नेली.

"बाबा, ही कोथमिरीची हायती की!"

"माउली, जुन्या क्यान्सरला तसाच वास येतो."

स्नेहलनं पिशवीतून डबा काढला. "ही घरची कणीक. हिचा गोळा फिरवा."

बाबांनी नाइलाजानं फिरवला. आत नुसती कणीक.

"घरच्या कणकेला मंत्र लागत न्हाय!"

"बरं." तिनं बाबांच्या परातीतला गोळा उचलला, मांडवाच्या खांबावर फिरवला आणि फोडला. आत मुळांचा झुपका!

"खांबालाबी क्यान्सर हाय व्हय?" मागून एक आजी ओरडली.

मांडव हसून लोळला. बायकांनी परातीतले सगळे गोळे फोडले. प्रत्येकात मुळं आधीच कोंबलेली. बाबा 'जरा जाऊन येतो' म्हणून उसात शिरले, ते आलेच नाहीत.

मावशी हसली नाही. "दोन महिनं गेलं गं, स्नेहल," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो. सुई घालून तपासणी झाली. गाठ कॅन्सरचीच निघाली. डॉक्टर राजनंदिनी म्हणाल्या, "मावशी, कॅन्सरच्या पेशी मूळ जागा सोडतात, आसपासच्या मांसाला चिकटतात, तिथली वीण विरघळवून पुढं सरकतात. रक्तात शिरल्या की हाडं, फुप्फुसंही गाठतात."

"म्हंजे मी मांडवात बसलेली, अन् त्यो आत चालत हुता?"

"हो. काखेपर्यंत पोचलाय. पुढं जायच्या आत अडवू."

ऑपरेशन झालं, केमो झाली. वर्ष उलटलं, मावशी बरी आहे, तपासण्या चालू आहेत.

बायांनो, छातीतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण कुठली कॅन्सरची आहे हे तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही. दुखत नाही म्हणून थांबू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.