मुलालोचा उशीर

फाटुवानींनी हात वर करून ढोलवाल्या बायांना थांबवलं. चोवीस जणांचं रिंगण तिसऱ्यांदा त्याच जागी मोडलं होतं.

"मुलालो, पुन्हा उशीर."

मुलालोने बांबूची नळी तोंडातून काढून ओठ पुसले. सव्वीस वर्षांचा हा दांडगा गडी लिहायला-वाचायला कधी शिकला नव्हता; स्वतःचं नाव सांगायलाही त्याला वेळ लागे. पण त्शिकोनाच्या नाचात प्रत्येकाच्या नळीला आपापला एकच सूर. शेजारच्याचा ऐकायचा, मग आपला फुंकायचा आणि पाऊल टाकायचं. म्हणूनच सोन्याच्या खाणीतलं काम संपवून आपल्या मुलखात, व्हेंडात परतल्यावर फाटुवानींनी ही शिकवणी काढली, तेव्हा कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. शाळकरी पोरी आल्या, बसचा म्हातारा ड्रायव्हर आला, एका डोळ्याने अधू शिंपी आला. मुलालोला तर त्यांनी स्वतःच्या शेजारी उभं केलं होतं.

शनिवारी थोहोयांडूत जिल्ह्याचा मेळा होता. नळ्या चोवीसच. आणि वडे विकणारी मुकोना तीन महिने रिंगणाबाहेर बसून एकेक सूर नुसत्या ओठांनी गिरवत होती. फाटुवानींनी मुलालोला आंब्याखाली नेलं. मेळ्यापुरती नळी मुकोनाला दे, तू झेंडा धर, असं जमेल तितक्या मायेने सांगितलं.

मुलालोने नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"तुम्हीच सांगितलंत, माझा सूर ऐकलास की फुंक," तो म्हणाला. "मी ऐकतो. तुमचा येईस्तोवर थांबतो."

फाटुवानी बोलायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. खाणीतली तीस वर्षांची धूळ छातीत बसली होती. उबळ ओसरल्यावर त्यांनी रिंगणाकडे पाहिलं. पोरी खाली बघत होत्या. ड्रायव्हर वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटाला नाडी नव्हती.

"माझा सूर कधीपासून उशिरा येतोय?" त्यांनी शिंप्याला विचारलं.

"पावसाळ्यापासून, व्हो-फाटुवानी," शिंपी आदराचा 'व्हो' लावून म्हणाला. "तुम्हाला सांगणार कोण?"

फाटुवानींनी स्वतःची नळी सदऱ्याला पुसली आणि मुकोनाच्या हातात ठेवली.

शनिवारी मैदानात रिंगण फिरू लागलं, तेव्हा ते कडेला उभे होते. अकरा वर्षं त्यांनी हा नाच आतूनच ऐकला होता: आपला सूर आणि आजूबाजूचे दोन-चार. सगळे चोवीस एकमेकांत गुंफून फिरताना आज प्रथमच कानावर पडले. मुकोनाचा सूर, लगेच मुलालोचा, मध्ये सुई शिरणार नाही इतका जवळ. दुसऱ्या फेरीला, बघायला बसलेल्या बाया उठल्या. तिसरीला परीक्षकांनी कागद बाजूला ठेवले. चौथीला दुसऱ्या गावांची पथकं मागोमाग येऊन नाचू लागली आणि मैदानभर धुरळा उठला.

नाच थांबला तसा मुलालो घामाने निथळत धावत आला.

"व्हो-फाटुवानी, आज तुमचा सूर अगदी वेळेवर आला."

फाटुवानींनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"आला खरा," ते म्हणाले. लोक आणखी एकदा म्हणून ओरडत होते. त्यांनी ढोलवाल्या बायांना हात केला.