सहाशेची अट

ताईने खेळातल्या आपल्या वैद्यिणीच्या अंगावरचा सुती झगा उतरवला आणि तिला लोखंडी चिलखत चढवलं. पडद्यावरची ती काटकुळी बाई बापाचा कोट घातलेल्या पोरासारखी दिसू लागली. पण कोपऱ्यातला स्कोअर टुणकन वर गेला. पाचशे एक्याऐंशीचा सहाशे चार झाला.

या ऑनलाइन खेळात माणसाची ताकद त्याच्या अंगावरच्या सामानावरून मोजतात. प्रत्येक वस्तूला आकडा, आणि सगळ्या आकड्यांचा मिळून स्कोअर. चिलखत खरं तर तलवारवाल्यांच्या कामाचं. वैद्यिणीने घातलं, की जखमा भरण्याची तिची शक्ती निम्म्यावर येते. पण आकड्याला त्याचं काय सोयरसुतक? ताईचा जन्म दातांच्या कवळ्या बनवण्यात गेलेला. काचेच्या कपाटात सगळ्याच कवळ्या झकास हसतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती ज्या टोळीतून लढे तिचा म्होरक्या तिचाच धाकटा भाऊ. त्याने फर्मान काढलं होतं, की रविवारच्या लढाईला सहाशेच्या खाली कुणी यायचं नाही. ताईने रदबदली करून पाहिली, तर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘नियम म्हणजे नियम, ताई. घरच्यांना सूट दिली तर लोक काय म्हणतील?’

लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आई गेल्यापासून भावाचा आवाज तिच्या कानावर पडायचा तो या लढाईतच. एरवी दूरच्या शहरात बसून तो फोन उचलेल तर शपथ. आणि तिचा स्कोअर मागे राहिला होता तो तरी कुणापायी? राक्षस मेल्यावर जे सामान पडे, त्यातला आपला वाटा ती ‘तू घे रे’ म्हणून त्याच्याच पदरात टाकत आली होती. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज मात्र तिला भावाचा राग आला.

तिने हेडफोन लावला.

"सहाशे चार?" धाकट्याने विचारलं. "कसं काय जमवलंस?"

"जमवलं बाबा. जेवलास का?"

कुणीतरी खुदकन हसलं. दर रविवारी हसायचं तसंच.

"ताई, इथे नको ना."

आत शिरण्याआधी एकमेकांचं सामान पाहून घ्यायची टोळीत रीत होती. ताईने टोळीतल्या दुसऱ्या वैद्याचं सामान उघडून पाहिलं. हे निवृत्त पोस्टमन, सगळे त्यांना आजोबा म्हणत. त्यांचा स्कोअर होता पाचशे साठ.

"आजोबा, तुम्हाला सहाशेची अट सांगितली नाही?"

"कसली अट?" आजोबा बुचकळ्यात पडले. "मला तर म्होरक्याने स्वतः फोन केला, नक्की या म्हणून."

आठ माणसं ऐकत होती. ताईचे कान तापले.

"चला, दार उघडतोय," धाकटा घाईघाईने म्हणाला.

आत गेल्यावर कपडे बदलता येत नाहीत. चिलखत उतरवायला ताई "थांब जरा" म्हणेपर्यंत दार मागे बंदसुद्धा झालं.

राक्षसाचा पहिलाच घाव धाकट्यावर बसला.

"ताई, मला सांभाळ!"

तिने सांभाळलं. एरवी तिचा एक मंत्र त्याला ठणठणीत करी. आज तिने मंत्रामागून मंत्र टाकले, तरी त्याच्या जखमा भरण्याआधीच नव्या होत होत्या. बाकीच्यांना वाऱ्यावर सोडून ती एकट्या त्याच्यावरच मंत्र टाकत राहिली. पलीकडच्या टोकाला अडकलेले आजोबा धावत निघाले, पण त्यांना उशीर झाला. धाकटा कोसळला आणि त्याच्या पाठोपाठ सगळी टोळी.

मग धाकटा बोलला, ताईशी नव्हे, इतरांशी.

"बघितलंत? मी म्हणत नव्हतो?"

‘काय?’ असं कुणीच विचारलं नाही; सहाशेची अट ताईला टाळण्यासाठीच होती, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.