बाहेरचा नंबर

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता बुधाजी गवईंचा फोन वाजला. त्यांनी तो चष्म्यासमोर धरला, नंबर पाहिला आणि लाल बटण दाबून कापला.

समोरच्या खुर्चीवर बसलेल्या सुगतने मान डोलावली. त्याच्या स्वतःच्या कानाला फोन होता. नागपूरच्या एजंटच्या ऑफिसात नुसती रिंग जात होती. वडिलांनी काय केलं ते त्याला दिसलं, आणि ते बरोबरच होतं.

सुगत सकाळच्या बसने अकोल्याहून भातकुलीला आला होता. त्याची धाकटी बहीण प्रियदर्शनी नर्सिंग करून गेल्या महिन्यात याच एजंटमार्फत आखातात गेली होती, एका घरात म्हातारीची देखभाल करायला. तिचे रोज एक-दोन मेसेज सुगतला यायचे, वडिलांशी बोलणं मात्र अजून झालं नव्हतं. सोमवारनंतर एकही आला नव्हता. सोमवारचा शेवटचा मेसेज एवढाच होता: बाबांना फोन लागून नाही राहिला. सुगतने लिहिलं होतं: नेटवर्क असेल, परत लाव.

आईला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. बँकेला सुट्टी आहे म्हणून आलो, असं तो म्हणाला होता. सुंदराबाई ओसरीच्या टोकाला तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि तिसऱ्यांदा विचारत होत्या,

"शुक्रवारची कायची सुट्टी रे तुमच्या बँकेले?"

"अंतर्गत सुट्टी असते, आई."

"अंतर्गत," त्या म्हणाल्या. "पगार कापला म्हन ना सरळ."

एजंटचा फोन वाजून वाजून बंद झाला. सुगतने पुन्हा लावला.

"कोन होतं, बाबा?" त्याने सहज विचारलं.

"तेच. बाहेरचा नंबर." बुधाजींनी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. "लय येऊन राहिले या आठवड्यात. मी उचलतच नाही. तू सांगतलं तसंच."

सुगतने तसं सांगितलं होतं, आणि एकट्या वडिलांना नाही. उन्हाळ्यात शेजारच्या शेषरावांना खोट्या पोलिसाने व्हिडिओ कॉलवर दोन दिवस खोलीत बसवून ठेवलं होतं. जेवायलाही उठू दिलं नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी वंदना झाल्यावर सुगतने विहारात सगळ्यांना समोर बसवलं. बँकेत तो हेच शिकवायचा. परदेशी नंबर उचलू नका. चुकून उचललाच तर बोलू नका. आता यंत्र तुमच्या पोराबाळाचा आवाज काढतं, रडतं, बाबा म्हणतं. रडण्याला भुलू नका. कापा, आणि पोराच्या नेहमीच्या नंबरावर फोन करून खात्री करा. बायाबापड्यांनी हे ऐकून घेतलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने वडिलांचा मोठा फोन काढून घेतला आणि बटणांचा साधा फोन हातात दिला.

प्रियदर्शनी जायच्या आधी त्यावरूनच वाद झाला होता. त्या देशात नेहमीच्या ॲपवरून मेसेज जातात, पण बोलणं होत नाही. तिथे चालणारं दुसरं ॲप घ्यायचं तर दोन्ही टोकांना मोठा फोन हवा. रोमिंग महाग. ती म्हणाली होती, बाबांचा मोठा फोन परत द्या दादा, नाहीतर मले त्यांचं तोंडच नाही दिसनार. सुगत म्हणाला होता, तोंड महिन्याभराने पाह्य, आधी त्यांना लुटलं जाण्यापासून वाचवू. मग त्याने तिसरा मार्ग काढला. इंटरनेटवरून थेट साध्या फोनवर कॉल करणारी एक सेवा होती. तिच्या मोबाइलवर ती बसवली, तिचा भारतातला नंबर त्यात नोंदवला आणि अंगणात उभं राहून तिला फोन लावायला सांगितलं. ओसरीवर बुधाजींच्या हातातल्या फोनवर नाव उमटलं: प्रिया. सगळे हसले होते. बुधाजींनी फोन उचलून अंगणातल्या मुलीला विचारलं होतं, "काय मॅडम, तिकडे ऊन हाय का?"

सुगतने स्वतःचा फोन कानावरून खाली घेतला.

"बाबा, पाहू तुमचा फोन."

"काहून?"

"द्या ना."

बुधाजींनी खिशातून फोन काढून दिला. सुगतने आलेल्या कॉलची यादी उघडली. दर वेळी नंबर वेगळा होता. दोन तर वेगवेगळ्या देशांचे होते. तो अंगठ्याने खाली खाली जात राहिला. मग परत वर आला. नंबर त्याने बघायचे सोडले आणि वेळा बघितल्या. सगळे दुपारचे होते, तीन ते चारच्या मधले.

त्या वेळी म्हातारी झोपते, असं प्रियदर्शनीने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. तेवढाच वेळ माझा असतो, दादा, बाबांना तेव्हाच लावत जाईन.

चाचणीच्या त्या दिवशी फोन अंगणातून ओसरीत आला होता. समुद्रापलीकडून आला तर नाव उमटेल का, हे कोणी पाहिलं नव्हतं. सुगतनेही नाही.

"एखादा उचलला होता का, बाबा?" त्याचा आवाज हळू झाला.

बुधाजींनी पत्नीकडे पाहिलं. सुंदराबाई सूप घेऊन दाणे पाखडायला अंगणात उतरल्या होत्या. ते खुर्चीत पुढे सरकले.

"तुले सांगनारच होतो. तुयी आई भेते म्हनून बोललो नाही. मंगळवारी उचलला एक. चष्मा नव्हता, नंबर दिसला नाही."

"मग?"

"मग काय, तू म्हनत होता तेच." बुधाजींच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या माणसाचा भाव होता. "हुबेहूब आपल्या प्रियाचा आवाज. रडून राहिला होता. बाबा म्हने. बाबा, कापू नका म्हने. मले एक डाव वाटलं, बोलावं. लय वाटलं. मग तुयं आठवलं, रडन्याले भुलू नका. मी तोंडातून शब्द काढला नाही. कापला."

सुगतने यादीत मंगळवार शोधून काढला.

"मग खात्री केली. तिच्या नेहमीच्या नंबरावर लावला. बंद होता. तिकडे बंदच राह्यते ना तो?"

"हो."

"म्हनून मग निश्चिंत झालो." ते थांबले. मुलगा त्यांच्याकडे बघत नव्हता, हातातल्या फोनकडे बघत होता. "विहारात सांगतलं मी सगळ्याईले. म्हटलं, माया पोरानं शिकवलं म्हनून वाचलो."

सुगतने आजच्या नंबरावर उलट फोन लावला. एका बाईच्या ध्वनिमुद्रित आवाजाने इंग्रजीत सांगितलं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. दुसरा लावला. तोच आवाज. ती सेवा कोणाच्याही मोबाइलवरून वापरता यायची आणि नाव जुळलं नाही की असेच बनावट नंबर दाखवत असणार. मग त्याला आणखी काही आठवलं आणि त्याने स्वतःचा मोबाइल उघडला. अनोळखी नंबर वाजूच नयेत अशी सोय त्याने वर्षभरापूर्वी करून ठेवली होती. न वाजता आलेल्या कॉलची एक वेगळी जागा असते. तिथे बाहेरच्या नंबरावरून आलेला मंगळवारचा कॉल होता. बुधवारचाही होता.

"सुगत," बुधाजी म्हणाले.

"ऐकून राहिलो, बाबा."

"ते यंत्र नव्हतं का?"

अंगणात सुपाचा आवाज थांबला. सुंदराबाई तिथूनच बघत होत्या.

"अजून काय म्हनली ती? आठवा. कापू नका, आनि?"

बुधाजींनी चष्मा काढला. तो पुसला नाही, नुसता हातात धरला.

"मी बाहेर आली, म्हने. बाबा, मी बाहेर आली." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "पुढंही बोलून राहिली होती. मी बटन दाबलं."

सुंदराबाई पायरीपाशी आल्या. त्यांच्या हातात सूप तसंच होतं, आडवं, त्यातले दाणे एका बाजूला घरंगळत होते.

"कोन बाहेर आलं?" त्यांनी विचारलं.

सुगतच्या हातातला मोबाइल वाजला. एजंटच्या ऑफिसातून प्रीतम नावाचा माणूस बोलत होता. सुगतने स्पीकर लावला नव्हता, तरी त्या शांततेत आवाज ओसरीभर ऐकू येत होता.

"अहो साहेब, मीच तुम्हाले फोन करनार होतो. तिकडच्या मॅडम लय नाराज हायेत. तुमची बहीन मंगळवारी सकाळीच घर सोडून गेली. न सांगता."

"कुठे गेली?"

"आता ते आमाले कसं माहीत? मॅडम म्हनते, इंडियाले गेली असन. तुमच्याकडे नाही आली का?"

"पासपोर्ट कुठे आहे तिचा?"

पलीकडे कागद हलल्यासारखं वाटलं.

"तो मॅडमकडंच हाय. कपाटात. तिकडं तशीच पद्धत असते, साहेब."

फोन बंद झाल्यावर सुंदराबाई पायरीवर खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. सूप त्यांनी बाजूला ठेवलं आणि पदर दोन्ही मुठींत धरला. बुधाजी आपला फोन दोन्ही हातांत घेऊन, त्याची आवाजाची बटणं पुन्हा पुन्हा दाबत होते. आवाज आधीच पूर्ण होता.

सुगतने दूतावासाच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला. त्यांनी नाव, वय, पासपोर्टचा क्रमांक आणि घराचा पत्ता लिहून घेतला. शेवटचा संपर्क कधी झाला, असं विचारलं. सुगत म्हणाला, आज साडेतीनला. काय बोलणं झालं? बोलणं झालं नाही, तो म्हणाला. फोन आम्ही उचलला नाही. पलीकडच्या माणसाने तेही लिहून घेतलं.

चार वाजून गेले. सुगतने बहिणीला मेसेज लिहिला. लिहिताना दोनदा चुकला. प्रिया, तो फोन तूच करते हे आता समजलं. कोणताही नंबर असो, बाबा उचलतील. मीही उचलीन. कुठे आहेस तेवढं सांग.

मेसेज गेला. थोड्या वेळाने पोचल्याची खूण दिसली, मग वाचल्याची. तिघंही त्या लहानशा पडद्यावर वाकले. पलीकडे कोणीतरी लिहीत होतं. लिहिणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

मग उत्तर आलं. हिंदीत, एकच शब्द होता.

कौन?

सुंदराबाईंना वाचता येत नव्हतं.

"काय म्हनते?" त्यांनी विचारलं. "सुगत, काय म्हनते पोरगी?"