बुक्क्याच्या डबीची आकडी

मित्रांनो, मी एक जुनी आकडी आहे. पण जन्माला आले ती पेचकस, म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार म्हणून. टोक झिजलं आणि मी भंगारात गेले. तिथून नागपूरच्या रुपरावांनी मला उचललं, शेगडीच्या निखाऱ्यांत लाल केलं, माझं टोक वाकवून मला तेलात बुडवलं. केवढा चटका तो! मग धार लावली, बाभळीची मूठ बसवली. देवाने मला दुसरा जन्म दिला, तो रुपरावांच्या हातून.

रुपराव घरच्या लहानशा खरादावर, म्हणजे लेथवर, लाकूड फिरवत आणि बुक्क्याच्या डब्या करत. डबीचं तोंड अरुंद, पोट मोठं. सरळ हत्यार आत वळत नाही, म्हणून पोट कोरायचं काम माझं. आतलं डोळ्यांना दिसत नाही. भिंत पातळ झाली की आवाज बदलतो, तो ऐकूनच थांबायचं असतं. पण खरादाच्या घरघरीत रुपरावांचे कान मंदावले होते. म्हणून त्यांची बायको प्रयागबाई शेजारी पाटावर बसे. ती कीर्तनाची वेडी. मृदंगाचा सूर जरा उतरला तरी आधी तिला कळे.

"थांबा जी! पुरे झालं."

"काहून वं? अजून जाड लागून राहिलं."

"मले पातळ ऐकू येऊन राहिलं. कान माहे चांगले की तुमचे?"

"तुहेच. माहे तं तू कवाच खाल्ले!"

एकादशीच्या कीर्तनात बुवा आमच्या डबीतला बुक्का लावत, डबी फिरवून फिरवून पाहत. प्रयागबाई हरखून जाई आणि जो मागेल त्याला डबी देऊन टाकी. घरात एकही उरली नाही.

मग ती आजारी पडली. धंतोलीच्या दवाखान्यातून तिने निरोप धाडला, "उशाशी बुक्का पायजे. डबी तुमच्याच हातची."

रुपरावांनी जपून ठेवलेलं शिवणीच्या झाडाचं लाकूड काढलं. मी आत शिरले. आवाज बदलला. मी कुरकुरले, किंचाळले. रुपरावांनी सवयीने पाटाकडे पाहिलं. पाट रिकामा होता. त्यांनी मला आणखी रेटलं, आणि माझं टोक भिंतीतून आरपार बाहेर उजेडात आलं.

तेवढ्यात मुलीचा, वैभवीचा फोन आला, "बाबा, लवकर या." दुसरी डबी करायला वेळच नव्हता. त्यांनी तीच डबी भरली. गडबडीत मीही पिशवीत पडले.

प्रयागबाईने डबी चाचपली. बोट छेदात गेलं.

"पाडला ना छेद? मी नव्हती ना बाजूले."

"नव्हती वं," रुपराव म्हणाले.

बुक्का चादरीवर सांडू लागला. वैभवी पुसायला धावली. "राहू दे वं," प्रयागबाई म्हणाली, "वास तं येऊन राहिला देवळाचा." सांडलेला बुक्का तिने बोटावर घेतला, रुपरावांच्या कपाळी लावला. त्याच दुपारी ती गेली.

आता मी खिळ्यावर असते. टोकाला गंज चढला आहे. रुपराव एकादशीला कीर्तनाला जातात, छेदावर अंगठा दाबून ती डबी धरून बसतात. ऐकू फारसं येत नाही. घरी आल्यावर कधी मला खाली काढतात, पाटाकडे पाहतात आणि परत टांगतात. थांबा म्हणणारं कोणी नाही, म्हणून ते सुरूच करत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या शेजारी असं कोणी एकटं काम करत असेल, तर त्याच्याजवळच्या पाटावर जरा जाऊन बसा. माझ्या गंजाचं मग पाहू.