साखळीतली खुर्ची

मित्रांनो, मला चार चाकं आहेत, तरी मी जागची हलत नाही. मी उज्जैनच्या एका शिव-उद्यानातली जुनी व्हीलचेअर आहे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. उद्यान सुरू झालं तेव्हा मला इथे आणलं. ते दिवस छान होते! गुडघे दुखणाऱ्या, दम लागणाऱ्या कितीतरी भाविकांना मी शंकराच्या उंच मूर्तींमधून फिरवलं. उतरताना ते माझ्या हातांवर थोपटत. मग माझ्या जोडीची खुर्ची कुणीतरी पळवली. उद्यानाच्या मोठ्या साहेबांनी मला फाटकाजवळच्या जाळीला साखळीने बांधलं आणि चाबी खिशात टाकली. म्हणाले, "अब ये कहीं नहीं जाएगी."

तेव्हापासून मी इथेच ऊन खाते, पावसात भिजते. माझी गादी फाटली. पोरं माझ्यावर बसून सेल्फी काढतात.

गेल्या महिन्यात नानाखेड्याहून माई आल्या. सोबत त्यांची नात भार्गवी होती. भार्गवी मूर्तिकार आहे. उद्यानाच्या पार टोकाची पार्वती तिने घडवलेली, आणि माईंनी ती अजून पाहिली नव्हती. भार्गवी त्याच संध्याकाळच्या गाडीने जयपूरला परतणार होती.

एवढं चालणं माईंना झेपणारं नव्हतं, म्हणून भार्गवीने मला सोडायला सांगितलं. गार्ड ओंकार ओशाळला. "चाबी साहब के पास है, माई. टावर चौक गए हैं, फोन नहीं उठा रहे."

"बसते की मग इथेच," म्हणत माई माझ्यावर बसल्या. किती दिवसांनी मला असं वजन लाभलं! चाकं आपोआप पुढे सरकली. साखळी खणकन ताणली गेली.

"आजी, मोबाइलवर फोटो दाखवते ना."

"फोटो पाहिलाय गं. तिचं नाक माझ्यासारखं केलंयस म्हणे?"

"तुझंच आहे. तुझ्या लग्नाच्या फोटोवरून घेतलं."

"अगं बाई! मग हात लावून बघायला नको?"

माई उठल्या, भार्गवीचा खांदा धरून चालू लागल्या. पहिल्या मूर्तीपाशीच त्यांना पुढे चालवेना. भार्गवीने त्यांना परत आणून बसवलं. माई माझ्यावर बसल्या होत्या, माझे हात घट्ट धरून, आणि मी त्यांना एक पाऊलही नेऊ शकत नव्हते.

गाडीची वेळ झाली. "पुढच्या खेपेला नक्की, आजी," भार्गवी म्हणाली. ऑटोत बसताना माईंनी नुसतं स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं.

थोड्याच वेळात साहेब आले. साखळी ओढून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "बढ़िया. सही सलामत है." ओंकारने मान वर केली नाही.

मित्रांनो, मला जपा, पण वापरून जपा. कुलपात मी नवी राहत नाही, नुसती गंजते. एक दिवस मला मोडायचंच आहे. कुणाला तरी घेऊन जाताना मोडू द्या.