बुडवायचं काम

“ताई, आणखी एक भोक पाडा की! किती रेंगाळतंय हे,” शेजारच्या टेबलावरचा चष्मिस तोंडातला घास न गिळताच म्हणाला.

ताईने माऊस दाबला. पडद्यावरच्या जहाजाच्या पोटाला भगदाड पडलं, पाणी आत घुसलं आणि जहाज हळूहळू कुशीवर कललं. चष्मिसने टाळी वाजवली.

ताईचं काम हेच. कंपनीचा एक खेळ होता. त्यात जहाज बांधायचं, फोडायचं आणि बुडताना बघत बसायचं. वजन, पाणी, लोखंड सगळं खऱ्यासारखं वागायला हवं, म्हणून ताई दिवसभर जहाजं बुडवून बघायची. सुरुवातीला तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. जहाजं रिकामी होती, कुणाचं काय जात होतं? पण अलीकडे खेळणाऱ्यांचे अभिप्राय समोर आले की ती ते पान घाईघाईने बंद करायची. ‘फार सावकाश बुडतं, जांभई आली.’ ‘आत माणसं घाला, मग मजा.’

मॅनेजरने ते अभिप्राय मनावर घेतले. एके सकाळी तो तिच्या टेबलाच्या कडेवर येऊन बसला.

“लोकांना आता खरी जहाजं हवीत, ताई. तुमच्या दादांचं जहाज घेऊ या. श्रद्धांजलीच की एक प्रकारे.”

दादा त्या जहाजावर वायरलेसवर होता. जहाज बुडून तो गेल्याचं ताईने कधीतरी चहाच्या वेळी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. तेव्हा या माणसाने ‘अरेरे’ म्हणून बिस्कीट चहात बुडवलं होतं. पण लक्षात मात्र बरोब्बर ठेवलं होतं.

“नाही जमायचं,” ती म्हणाली.

“घाई नाही. विचार करा.”

ती घरी पोचली तेव्हा अप्पा दारातच उभे होते.

“तुझ्या साहेबांचा फोन आला होता. फार गोड बोलतात गं.”

ताईला शिसारी आली. तिने नाही म्हटल्यावर त्याने सरळ म्हाताऱ्या बापाला गाठलं होतं.

“अप्पा, तो खेळ आहे. लोक हसतात बघून.”

“हसू देत. चौकशीवाल्यांनी एवढंच सांगितलं, माल सरकला आणि जहाज कललं. पण म्हणजे काय झालं? तुझी आई हेच विचारत विचारत गेली.” अप्पा दारातून बाजूला झाले. “मला बघायचंय.”

यापुढे ताईची मात्रा चालली नाही. तिने जहाज बांधायला घेतलं. दादाने पाठवलेले फोटो समोर ठेवून तिने डेक उभा केला, शिडी लावली, वायरलेसच्या खोलीला गोल खिडकी बसवली. खाली मालाची रास रचताना मात्र तिचे हात तिलाच घाणेरडे वाटायचे. मध्येच उठून ती साबणाने धुऊन यायची. चष्मिस मागून डोकावून म्हणायचा, “एक नंबर, ताई! हे फुटताना काय दिसेल!”

ठरल्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅनेजरने स्वतः खुर्ची ओढून दिली. चार पोरं मागे गोळा झाली.

ताईने लाटा सुरू केल्या. जहाज थोडा वेळ सरळ चाललं. मग आतला माल एका बाजूला घसरला आणि जहाज त्या बाजूला झुकलं, ते पुन्हा सावरलंच नाही.

“तो कुठे असेल?” अप्पांनी विचारलं.

तिने गोल खिडकी दाखवली. अप्पांनी पडद्यावर तिथे बोट ठेवलं. पाणी चढत खिडकीपर्यंत आलं, खिडकी गेली, तरी बोट तिथेच होतं. मागे कुणीतरी दबक्या आवाजात “भारी” म्हणालं.

“आजोबा, जरा इकडे वळता का? तोंड दिसत नाहीये.”

ताईने मान वळवली. मॅनेजर फोन उंच धरून व्हिडिओ काढत होता.

“आणि ताई, पुन्हा एकदा बुडवा ना. या वेळी थोडं हळू. त्यांचा चेहरा नीट मिळाला पाहिजे.”

ताईच्या घशाशी आंबट पाणी आलं. ते गिळून ती पडद्याकडे वळली आणि तिने अख्खं जहाज पुसून टाकलं. खात्री आहे का, असं पडद्याने विचारलं. तिने ‘हो’ दाबलं.

“अहो, वेड लागलं का तुम्हाला?”

“तो व्हिडिओ पुसा.”

“कंपनीच्या कामाचा आहे तो.”

“माझा बाप आहे तो. पुसा.”

ती त्याच्या इतक्या जवळ जाऊन उभी राहिली, की त्याने मागे सरकून, “एवढं काय त्यात,” असं पुटपुटत व्हिडिओ पुसला. ती पुसल्याची खूण दिसेपर्यंत हलली नाही. मग तिने खुर्चीवरची पर्स उचलली. “उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा,” म्हणाली आणि अप्पांचा दंड धरून जिना उतरली.

रस्त्यावर आल्यावर अप्पांनी विचारलं, “दार उघडून बाहेर आला असेल का गं?”

जहाज तेवढं कललं की त्या खोलीचं दार उघडत नाही. ताईने परवा स्वतः करून बघितलं होतं.

“आला असेल, अप्पा.”

“हं.” थोडं चालून ते म्हणाले, “पाणी मात्र तू अगदी खरं केलंस हो.”

त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. पण ताई जागच्या जागी थांबली, भिंतीला हात टेकला, गटारावर वाकली आणि भडाभडा ओकली. सकाळपासूनचं, त्याच्याही आधीचं सगळं बाहेर पडत राहिलं. येणारेजाणारे चाल मंदावून बघू लागले. अप्पा तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन उभे राहिले. त्यांनी शर्टाची बटणं सोडली, दोन्ही हातांनी शर्टाची टोकं पसरून धरली आणि तिच्याकडे पाठ करून ते रस्त्याकडे बघत राहिले.