गजेंद्रच्या हातची भाकर

घरकामाच्या बाईचा कप आपल्याकडे खिडकीत वेगळा पालथा घातलेला असतो. का, असं कोणी विचारलंच, तर आपण स्वच्छतेचं नाव पुढे करतो. भास्करराव साळव्यांनीही तेच केलं होतं.

भास्करराव रेल्वेतून निवृत्त झालेले. बडोद्यात सुभानपुऱ्याला घर, आणि तिथल्याच लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे ते ज्येष्ठ पंच. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन होई. वधस्तंभावर जाण्याआधी येशूने भाकर मोडून शिष्यांना वाटली, हे माझं शरीर आहे असं सांगितलं, त्याची ही आठवण. ही बिनखमिराची गव्हाची भाकर एकेका घराने पाळीपाळीने करून आणायची, अशी तिथली जुनी रीत होती.

मार्चमध्ये पाळी आली गजेंद्रची. तो मकरपुऱ्याला एका खोलीत बायको कांचनसोबत राहायचा आणि नंदेसरीच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली टाक्या आणि गटारं साफ करायचा. मंडळीत येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली भाकर डब्यात घेऊन तो वेळेआधीच आला. भास्कररावांनी त्याला दारातच गाठलं आणि अगदी गोड आवाजात समजावलं. तुझं काम असं, लोकांच्या मनात नको ते येतं, आरोग्याचाही प्रश्न आहे, म्हणून आज मी बेकरीतून आणली आहे. यापुढे सगळ्यांसाठी बेकरीचीच आणू, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.

"काही वांधो नाही, काका," गजेंद्र म्हणाला. डबा पिशवीत टाकून तो कांचनशेजारी शेवटच्या बाकावर बसला. त्या दिवशी दोघांनी भोजन घेतलं नाही. ते पुष्कळांनी पाहिलं, पण विचारलं कोणीच नाही.

नऊ दिवसांनी नंदेसरीच्या टाकीत उतरलेला गजेंद्र वर आलाच नाही. आत विषारी वायू साठला होता. त्याच्या तोंडाला मास्क नव्हता, कमरेला दोर नव्हता. तो आपणहून उतरला, असं ठेकेदाराने पोलिसांना सांगितलं.

दफनाच्या वेळी प्रार्थना भास्कररावांनीच केली. घरी आल्यावर त्यांच्या पत्नी येसूबाईंनी ताट वाढलं. भास्करराव स्वतःहूनच बोलू लागले. आपल्या मनात त्याच्याविषयी काही वाईट नव्हतं, मंडळीचा विचार करावा लागतो, वगैरे. येसूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"तुमचे आजोबा नगरकडच्या कोणत्या वस्तीतून आले, ठाऊक आहे ना?" त्या म्हणाल्या. "गावच्या विहिरीला त्यांना शिवू देत नव्हते. मिशनच्या देवळात मडमेने जिचा तुकडा घेतला, त्याच भाकरीचा तुकडा त्यांच्या हातावर पडला, म्हणून ते ख्रिस्ती झाले. बायबल वाचता कुठे येत होतं त्यांना? भाकर प्रभूचं शरीर म्हणता, मग गजेंद्र त्या शरीरात होता की नव्हता? कारखान्याने त्याचा जीव माणसाचा मानला नाही. तुम्ही त्याचे हात माणसाचे मानले नाहीत."

भास्कररावांनी ताट बाजूला सारलं. खरं तेच बाई बोलली होती, आणि ज्याची क्षमा मागायची तो मातीखाली होता!

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते मकरपुऱ्याला गेले. उद्याची भाकर तू करून आण, असं त्यांनी कांचनला हात जोडून विनवलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"त्या दिवशी पीठ त्यांनीच मळलं होतं, काका. तीनदा साबणाने हात धुऊन. मला हात लावू दिला नाही. प्रभूच्या नावाने केलेली, आम्ही तरी ती घरी कशी खाणार? गाईला घातली. आता माझ्याच्याने होणार नाही."

रविवारी मेजावर जी भाकर होती, ती भास्कररावांनी स्वतः थापली होती, एका बाजूने करपलेली. मंडळीसमोर उभं राहून त्यांनी दारातली हकिगत शब्दन् शब्द सांगितली. मी एका भावाला या पंगतीतून उठवलं, हे भोजन घ्यायला मी लायक नाही, असं म्हणून ते मागे शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

भाकर फिरत फिरत तिथवर आली. भास्कररावांनी हात पुढे केला नाही. कांचनने तुकडा घेतला, बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग तो मोडून तिने अर्धा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मी देत नाहीये, काका," ती म्हणाली. "त्यांनी दिला असता, म्हणून देते."

भास्करराव लहान मुलासारखे रडले. कांचन समोर बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

बंधुभगिनींनो, मंडळीत पाळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण गजेंद्र काही परत आला नाही. भाकर मोडायची ती सगळ्यांना पुरावी म्हणून. माणसं निवडून वाटली, तर ते नुसतं भाजलेलं पीठ, मग त्यावर कितीही प्रार्थना म्हणा. तुमचा धर्म कोणताही असो, तुमच्या पंगतीच्या दारातून कोण परत गेलं, ते आजच आठवून पाहा. माणूस जिवंत आहे तोवरच त्याच्या हातचं खाता येतं.